सिड बॅरेटच्या घरासमोर शूटिंगला निघालेल्या आपल्या फॅन क्लबला खुलं पत्र

क्लबच्या कमिटीतल्या सगळ्यांना, आणि क्लबमध्ये नसलेल्या पण सिडच्या मागे तेवढ्याच हिरिरीने लागलेल्या बाकीच्यांनाही,

नमस्कार.

मागच्या मीटिंगमध्ये ठरलं की येत्या ७ जुलैला, पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा पहिला गायक-गिटारवाला सिड बॅरेट याच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने, क्लबच्या वर्गणीतून एक व्हिडिओ सिरीज काढायची आणि तिचा पहिला भाग केंब्रिजमधल्या त्याच्या घरासमोर शूट करायचा. दोघं जण जाणार, फाटकापाशी उभं राहून बोलणार, जमलं तर बेल वाजवणार, आजूबाजूच्या लोकांना "तुम्ही त्याला बघितलं होतं का हो" विचारणार आणि शेवटी घराचा पत्ता नकाशासकट खाली टाकणार, म्हणजे ज्यांना जायचंय त्यांना सोपं पडेल. मी तिथेच नको म्हटलं. त्यावर "अगं तो जाऊन किती वर्षं झाली, आता कुणाला त्रास होणारे" असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, ठराव पास. एवढ्यावर मी गप्प बसावं असं कमिटीला वाटत असेल तर सॉरी, मला ते जमणार नाहीये. आणि हा प्रकार काही फक्त आपल्याच क्लबात चालत नाही म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते, कारण "हिला काय पडलंय" हे कुणीतरी विचारणारच. मी आमच्या छोट्याशा बँडमध्ये बास वाजवते. आमच्या कार्यक्रमात सुरुवातीच्या काळातल्या पिंक फ्लॉइडची तीन-चार गाणी असतातच, म्हणजे माझ्या हट्टामुळे असतात, बाकीच्यांना सगळं ७३ नंतरचं हवं असतं. कार्यक्रम संपल्यावर लोक भेटायला येतात, छान वाटतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. तो डोक्यात गोळ्या चोळून स्टेजवर आला होता ते खरं का? तो खरंच वेडा झाला होता का? भुवया का काढल्या त्याने? म्हातारपणी तो कुणाशीच बोलायचा नाही का? आत्ता वाजवलेल्या गाण्याबद्दल एक शब्द नाही. एकदा तर एक गृहस्थ आम्ही वायरी गुंडाळत असताना अर्धा तास त्याच्या आजाराचं निदान करत उभे होते, आणि कुठलं गाणं आवडलं असं मी विचारलं तर म्हणाले, गाणी अशी फार ऐकली नाहीत, पण स्टोरी जबरदस्त आहे!

ही स्टोरी म्हणजेच माझी तक्रार आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन सांगते. रॉजर कीथ बॅरेट, जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. सिड हे त्याचं पोरवयात पडलेलं नाव. १९६५ च्या सुमारास वॉटर्स, मेसन आणि राइट यांच्यासोबत बँड, त्या बँडला पिंक फ्लॉइड हे नाव त्यानेच दिलं, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूजवाल्यांच्या नावांवरून. ऑगस्ट १९६७ मध्ये पहिला अल्बम आला. त्यातल्या ११ गाण्यांपैकी ८ त्याची एकट्याची आहेत, आणि तेव्हा तो २१ वर्षांचा होता. जानेवारी १९६८ मध्ये साउथॅम्प्टनच्या कार्यक्रमाला जाताना बाकीच्यांनी त्याला घ्यायला जायचंच टाळलं, एप्रिलमध्ये तो बँडमधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. १९७० मध्ये दोन सोलो अल्बम. १९७२ मध्ये केंब्रिजमध्येच स्टार्स नावाच्या बँडसोबत थोडे दिवस. १९७४ मध्ये स्टुडिओत शेवटचा प्रयत्न झाला, त्यातून धड काही निघालं नाही. बस, संगीत इथे संपलं. नंतर तो ३२ वर्षं जगला. २००६ मध्ये, साठाव्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेला.

आता ती ३२ वर्षं जरा नीट बघा, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

आपल्याकडे असं धरून चालतात की तो गायब झाला. गायब कुठे झाला? काही वर्षं लंडनमध्ये होता, मग केंब्रिजला आईच्या घरी आला, १९८२ मध्ये तर लंडनहून चालत आला असं सांगतात, सुमारे ५० मैल. तिथे त्याने सिड हे नाव टाकून दिलं आणि परत रॉजर झाला. बाग केली, चित्रं काढली, घरातलं फर्निचर स्वतः ठोकून-ठाकून बनवलं, सायकलवरून दुकानात जाऊन सामान आणलं. डायबेटिस होता. बहीण ये-जा करायची, हवं-नको बघायची. ही सगळी माहिती त्याच्या घरच्यांनीच वेळोवेळी सांगितलेली आहे, यात शोधून काढण्यासारखं काहीच नाही. गावात राहणारा, सायकल चालवणारा माणूस होता तो, आणि आपण मात्र त्याला हिमालयात गेलेला योगी केला.

आणि त्याने नाही म्हटलं नव्हतं असंही नाही. १९७० मध्ये लंडनच्या ऑलिंपिया हॉलमध्ये, त्याच्यानंतर पिंक फ्लॉइडचा गिटारवाला झालेला डेव्हिड गिलमूर आणि ड्रमर जेरी शर्ली सोबतीला असताना चार गाणी झाल्यावर त्याने गिटार खाली ठेवली आणि निघून गेला. रोलिंग स्टोन मासिकाला मुलाखत दिली १९७१ मध्ये, त्यानंतर मुलाखती बंद. स्टार्सचे कार्यक्रम थोडक्यात आटोपले. दारावर येणाऱ्यांना तो टाळायचा, दार उघडायचा नाही, उघडलंच तर दोन शब्द बोलून बंद करायचा. यापेक्षा स्पष्ट नकार आणखी कसा द्यायचा असतो? पाटी लावायची का?

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते आणि ती कुणीच सांगत नाही. डेव्हिड गिलमूर हा त्याचा केंब्रिजमधला जुना दोस्त, दोघं एकाच कॉलेजात होते, १९६५ मध्ये फ्रान्समध्ये रस्त्यावर गाणी म्हणत हिंडले होते. पुढे गिलमूरनेच त्याच्या सोलो अल्बमांना हात लावला, आणि नंतर कितीतरी वर्षं त्याच्या रॉयल्टीचे पैसे त्याला व्यवस्थित मिळतायत ना यावर लक्ष ठेवलं. हा माणूस सिडकडे गेला नाही. का, तर घरच्यांनी सांगितलं होतं की जुन्या गोष्टी निघाल्या की त्याला त्रास होतो. पुढे गिलमूरला याची हळहळ वाटली, तसं तो बोललाय. पण गेला नाही. ज्याचा खरोखर हक्क होता तो लांब राहिला आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही ते कॅमेरे घेऊन कुंपणाशी उभे राहिले. टॅब्लॉइडवाले तर होतेच, पण त्यांच्याबरोबरीने फॅन्सही होते हो. आपलेच भाऊबंद. परदेशातून विमानाचं तिकीट काढून यायचे आणि सामानाच्या पिशव्या घेऊन चाललेल्या एका डायबेटिसवाल्या माणसाचे फोटो काढून घरी न्यायचे.

ते फोटो अजून फिरतायत. त्याच फोटोंबद्दल माझी पहिली तक्रार.

एका बाजूला १९६७ चा सिड, कुरळे केस, डोळ्यांत काजळ, सॅटिनचा शर्ट. दुसऱ्या बाजूला टक्कल पडलेला, पोट सुटलेला, चड्डी घालून सायकल ढकलणारा. खाली लिहिलेलं असतं ड्रग्जने काय होतं बघा. क्लबमध्ये दर महिन्याला कुणी ना कुणी हे टाकतं आणि त्यावर रडक्या चेहऱ्यांचा पाऊस पडतो. अहो, साठीकडे झुकलेला कुठलाही माणूस एकविशीतल्या फोटोशेजारी ठेवा, असंच दिसेल! आपल्या कमिटीतल्या ज्येष्ठ मंडळींचे ठेवूया का शेजारी? आणि १९७५ चा तो फोटो, त्याबद्दल तर बोलायलाच नको. ५ जून १९७५ ला तो ॲबे रोड स्टुडिओत आला, जाड झालेला, केस आणि भुवया काढलेल्या, आणि ज्यांच्यासोबत बँड सुरू केला त्यांनीच त्याला चटकन ओळखलं नाही, आणि ते नेमके त्याच्यावर लिहिलेल्या गाण्यावर काम करत होते. ओळख पटल्यावर त्यातल्या काहींना रडू आलं. हा प्रसंग ऐकून कुणाच्याही पोटात तुटेल, माझ्याही तुटतं. पण म्हणून त्या दिवशीच्या त्याच्या चेहऱ्याचा टीशर्ट छापायचा? गेल्या वर्षी क्लबने छापला, विकला, आणि माझ्या माहितीप्रमाणे नफाही झाला.

दुसरी तक्रार ही घरबसल्या डॉक्टरांची. कुणी म्हणतं स्किझोफ्रेनिया, कुणी म्हणतं एलएसडीची नशा, कुणी हल्ली ऑटिझम म्हणतं, आणि जो तो छातीठोकपणे. एलएसडी त्याने भरपूर घेतलं होतं हे त्याच्याबरोबर राहिलेल्यांनीच सांगितलंय, ते कुणी नाकारत नाही. १९६७ च्या उत्तरार्धात त्याचं काहीतरी फार बिनसलं, स्टेजवर नुसतं शून्यात बघत उभा राहायचा, तेही खरं. पण नेमकं काय झालं याचं कुठल्याही डॉक्टरने केलेलं निदान कधी जाहीर झालेलं नाही आणि त्याच्या बहिणीने तर लोकांनी लावलेली बरीचशी लेबलं साफ नाकारलेली आहेत. तरी आपल्या सिरीजच्या दुसऱ्या भागाचं नाव काय, तर "सिडला नेमकं काय झालं होतं". सांगणार कोण? क्लबचे उपाध्यक्ष. त्यांचं शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंग. (सर, राग मानू नका, पण खरंच.)

याच रांगेत ते किस्से बसवा. गोळ्या आणि केसांची क्रीम एकत्र कालवून डोक्यावर थापल्याची ती गोष्ट, दिव्यांच्या उष्णतेने ते चेहऱ्यावर वितळून उतरलं वगैरे. कुठल्या शोला, कधी, खरंच गोळ्या होत्या का नुसतीच क्रीम, यावर सांगणाऱ्यांचंच एकमत नाही. पण प्रत्येक जण स्वतः पहिल्या रांगेत असल्यासारखा सांगतो, वर आपलं तिखटमीठ लावून. दुसरा किस्सा तालमीतला. त्याने नवीन गाणं शिकवायला घेतलं आणि दर वेळी चाल बदलत गेला, बाकीचे धरायला गेले की पुन्हा वेगळं, आणि वर गाण्यातच विचारायचा, जमलं का? हा किस्सा वेडाचा पुरावा म्हणून सांगतात. मला विचाराल तर ज्यांनी बँडमध्ये दिवस काढलेत त्यांना यात वैतागलेल्या माणसाचा खट्याळपणा चांगला ऐकू येतो, आणि खुद्द वॉटर्सने पुढे त्या प्रकाराला दादच दिलीये. वेड आणि थट्टा यातला फरक दुरून कळत नाही, आणि आपण तर फारच दुरून बघतोय.

आता गाण्यांचं. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा.

पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं आहे ना, सायकलचं, "बाइक", ते आम्ही बसवायला घेतलं तेव्हा मला वाटलं पोरखेळ आहे, दोन तालमींत होईल. कसलं काय! ओळी एकसारख्या लांबीच्या नाहीत, शब्द संपेल तिथे ओळ संपते, मात्रा मोजत बसलात की गेलात. आमच्या ड्रमरने शेवटी प्रत्येक ओळीचे आकडे पेन्सिलने कागदावर लिहून तो कागद फ्लोअर टॉमला चिकटवला, तरी मधल्या कडव्यात कुणीतरी एक मात्रा आधी पडतंच, बहुतेक मीच. आणि एवढं सगळं करून ऐकणाऱ्याला ते अगदी सहज वाटतं, बोलल्यासारखं, एखादं पोर उत्साहाने आपली खेळणी दाखवत सुटावं तसं. सोलो अल्बममध्ये हे आणखी वाढतं, तिथे तो गिटार आणि आवाज घेऊन वाट्टेल तिथे वळतो आणि बाकीच्या वाजवणाऱ्यांनी मागून धावत जाऊन ते भरलंय, ती धावपळ रेकॉर्डमध्ये चक्क ऐकू येते. आणि त्याची गिटार! झिप्पोचा लायटर तारांवरून घसरवायचा, आवाज बिन्सनच्या इको मशीनमधून काढायचा, गिटारीवर आरशासारख्या चकत्या चिकटवलेल्या म्हणजे दिवे त्यावर पडून हॉलभर फिरायचे. बाकी गिटारवाले ब्लूजचे सूर भरभर वाजवण्याच्या मागे होते तेव्हा याला आवाजाचाच आकार बदलायचा होता. डेव्हिड बोवीने १९७३ मध्ये त्याचं एमिलीचं गाणं, "सी एमिली प्ले", स्वतःच्या अल्बमवर घेतलं ते काही कीव येऊन नाही घेतलं.

क्लबच्या सिरीजचे सहा भाग ठरलेत. घर, आजार, गोळ्या, १९७५, शेवटचे दिवस, आणि "गूढ". गाण्यांवर एकही भाग नाही. पुन्हा वाचा, एकही नाही.

तिसरी गोष्ट, "आपण फॅन आहोत म्हणून तो जिवंत राहिला" हा जो युक्तिवाद मीटिंगमध्ये झाला त्याबद्दल. हो, रेकॉर्ड विकल्या गेल्या म्हणून त्याला पैसे मिळत राहिले, त्यावर तो आरामात राहिला, त्याबद्दल फॅन्सना शंभर टक्के मार्क. पण ते मार्क रेकॉर्ड विकत घेतल्याचे आहेत, बेल वाजवल्याचे नाहीत. अल्बमचे पैसे दिले, अल्बम मिळाला, हिशोब पुरा. त्या पैशांत त्याच्या बागेत डोकावण्याचा हक्क येत नाही.

आणि "मनातून त्याला बरंच वाटत असणार" हेही ऐकलं. कशावरून? २००१ मध्ये बीबीसीवर त्याच्यावरची डॉक्युमेंटरी लागली, ती त्याने बहिणीकडे बसून पाहिली. जुने घरमालक माइक लेनर्ड दिसल्यावर आनंद झाला, एमिलीचं गाणं ऐकून बरं वाटलं, आणि बाकी बरंचसं त्याला गोंगाट वाटलं. झालं. मला तर हा अगदी शहाणा अभिप्राय वाटतो. २००२ मध्ये मिक रॉकच्या फोटोंच्या पुस्तकाच्या ३२० प्रतींवर त्याने सह्या केल्या, सही नुसती "बॅरेट". म्हणजे बघा, जेवढं द्यायचं होतं तेवढं त्याने दिलं, स्वतःच्या घरी बसून, स्वतःच्या नावाने. त्याला जुन्या दिवसांची सरसकट ॲलर्जी होती असंही नाही. त्याला फक्त दारात उभे असलेले आपण नको होतो. आपल्याला हे पचत नाही, कारण मग आपण त्याच्या गोष्टीत कुणीच नाही असं होतं.

चौथी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात व्यवहाराची गोष्ट. त्याच्या पश्चात ते घर विकलं गेलं. तिथे आता दुसरे लोक राहतात. साधं जोडघर आहे, पुढे रस्ता बंद होतो अशी गल्ली, म्हणजे चुकून कुणी तिथून जात नाही, जो येतो तो बघायलाच येतो. विचार करा, तुम्ही रविवारी सकाळी कचरा बाहेर ठेवायला आलात आणि समोर तिघं जण तुमच्या खिडकीचा फोटो काढत डोळे पुसतायत. एकदा गंमत वाटेल. दर आठवड्याला? त्यांनी काय गुन्हा केला, घर घेतलं एवढाच ना? तो गेला म्हणून कुणाला त्रास नाही असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. शेजारी आहेत, त्यांनी तर दोन-अडीच दशकं ही वर्दळ बघितली. त्याच्या घरच्या माणसांना पुन्हा पुन्हा तेच प्रश्न आहेत.

त्याच्या वस्तूंचंही तेच. नोव्हेंबर २००६ मध्ये केंब्रिजमध्ये लिलाव झाला, चित्रं, सायकली, त्याने बनवलेलं फर्निचर, कलेच्या इतिहासावरच्या त्याच्या नोंदी, एक लाख पौंडांच्या वर रक्कम गेली. तो घरच्यांनी रीतसर केला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते आपल्या ग्रुपवर चालणाऱ्या "त्याने जाळलेली चित्रं किती किमतीची असती" या चर्चेबद्दल. तो चित्र काढायचा, फोटो काढून ठेवायचा आणि मूळ चित्र बऱ्याचदा नष्ट करायचा, असं घरच्यांनी सांगितलंय. त्याची चित्रं, त्याची काडेपेटी. आपलं काय गेलं?

पाचवी तक्रार सिडबद्दल नाहीच. ही सवय लागली की जिवंत माणसांनाही सोडत नाही. मी बासवाली, त्यामुळे जॉन डीकनचं नाव घेणारच. क्वीन बँडमधला बास. १९९१ मध्ये त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेला, १९९७ नंतर डीकन स्टेजवर आलेला नाही, २००१ मध्ये हॉल ऑफ फेमचा सोहळा झाला तिथेही गेला नाही, बाकीच्यांनी दौरे केले, याने नाही केले. कुणाचं काही बिघडलं? पण त्याचेही रस्त्यात चोरून काढलेले फोटो फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं की किती थकलाय बिचारा. व्हाइट स्ट्राइप्स बँडची ड्रमर मेग व्हाइट, २००७ मध्ये तिला एंग्झायटीचा त्रास झाला म्हणून दौरा रद्द केला, २०११ मध्ये बँड अधिकृतपणे बंद झाला, तेव्हापासून ती गप्प आहे. तरी २०२३ मध्ये कुणीतरी उठून तिच्या ड्रमिंगला नावं ठेवली आणि जगभर वाद झडला, तिच्या बाजूने बोलणारे कितीतरी होते, मला बरं वाटलं. पण त्यातही शेकडो जणांचा प्रश्न हाच, ती आता कुठे असते, काय करते. टॉक टॉक बँडच्या मार्क हॉलिसने १९९८ मध्ये एक सोलो अल्बम काढला आणि घरच्यांसोबत राहायचं म्हणून थांबला, २०१९ मध्ये गेला. तो अल्बम ऐका, त्यातली शांतता ऐकून लगेच कळतं की हा माणूस गर्दीत परत येणार नाही.

या सगळ्यांना आपण "गूढ" म्हणतो. यात गूढ काय आहे? काम केलं, पुरे वाटलं, घरी गेले. आपले बाबा रिटायर झाले तर आपण त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना खिडकीत चढू देतो का?

मीटिंगमध्ये मला असंही सुनावलं की कुतूहल हा काही गुन्हा नाही. मान्य. कुतूहल मलाही आहे, चिक्कार आहे. त्या १९७४ च्या तीन दिवसांत स्टुडिओत नेमकं काय वाजलं, तो कुठल्या ट्यूनिंगमध्ये काय करायचा, शब्द आधी सुचायचे की चाल आधी, हे मला रात्र-रात्र जागून बोलायला आवडेल. कुतूहल कुठे नेऊन लावायचं एवढाच प्रश्न आहे. आणि ज्यांना केंब्रिजला जायचंच आहे त्यांनी जरूर जा, फार सुंदर गाव आहे म्हणतात. तिथे कॉर्न एक्सचेंजमध्ये २०१६ मध्ये त्याचं स्मारक म्हणून एक कलाकृती लावलीये, लोकांनी येऊन बघावी म्हणूनच लावलीये. १९७२ मध्ये स्टार्ससोबत तो त्याच हॉलमध्ये वाजला होता. तिथे उभं राहून हवं तेवढं रडा, शूट करा, कुणाला त्रास नाही.

तर माझ्या मागण्या. गोल गोल न बोलता लिहिते.

घरासमोरचं शूटिंग रद्द करा. बेल वाजवणं, शेजाऱ्यांना विचारणं, लांबून झूम करणं, सगळंच. "फक्त बाहेरून" हेही नको.

क्लबच्या जुन्या पोस्टमध्ये जिथे जिथे घराचा पत्ता किंवा नकाशा आहे ते काढून टाका, आणि कुणी पुन्हा टाकलं तर ॲडमिननी त्याच दिवशी उडवा. पत्ता इंटरनेटवर सगळीकडे आहे हे मला माहितीये, आपल्याकडे नसला तरी चालेल.

चोरून काढलेले फोटो क्लबच्या नावाने शेअर करू नका, सिडचे नाहीत, डीकनचे नाहीत, कुणाचेच नाहीत. १९७५ च्या चेहऱ्याचे टीशर्ट जे उरलेत ते विकू नका.

आजाराचा भाग सिरीजमधून काढा. काढायचा नसेल तर त्याऐवजी जे त्या क्षेत्रात खरंच काम करतात अशांना बोलवा आणि सिडचं निदान न करता, तरुण वयात कुणाचं असं बिनसलं तर आजूबाजूच्यांनी काय करायचं यावर बोलू द्या. २००८ मध्ये केंब्रिजमध्ये सिडच्या आठवणीत कार्यक्रम झाले तेव्हा मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेला सोबत घेतलं होतं, म्हणजे हे काही मी जगावेगळं मागत नाहीये.

सहापैकी निदान तीन भाग गाण्यांवर करा. यातला एक मी करते, फुकट. आमचा ड्रमर कागदासकट यायला तयार आहे.

शेवटचं वर्गणीचं. मी दिलेले पैसे क्लबला दिलेत, ते परत मागायचा माझा इरादा नाही. पण ७ जुलैचं तिकीट घराच्या शूटिंगसाठीच काढलं जाणार असेल तर माझी वर्गणी त्यातून वजा करून परत करा, आणि माझं नाव सिरीजच्या आभारांच्या यादीतून काढा. उत्तर मला खाजगीत पाठवू नका, पुढच्या मीटिंगच्या आधी सगळ्यांसमोर द्या, कारण ठरावही सगळ्यांसमोरच झाला होता.

तुमचीच,
क्लबची एक जुनी सभासद (आणि बासवाली)